गायब झालेली नटी आणि विदर्भातलं गाव : पहिली रहस्यकादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

जुन्या सिनेमातली एक नटी एका रात्रीत नाहीशी होते आणि कित्येक वर्षांनी कुणीतरी तिचा माग काढू लागतं. विषय भुरळ घालणारा आहे आणि नवखा लेखक त्या भुरळीतच अडकतो. पहिली शंभर पानं गजरे, जुनी गाणी आणि हळहळ यांत जातात. मग ध्यानात येतं की शोध घ्यायला हाताशी काहीच ठेवलेलं नाही. म्हातारी माणसं आठवणी सांगतात, नायक ऐकून घेतो, शेवटी कुणीतरी रडत कबुली देतं आणि वाचक चिडतो. त्याचं चिडणं रास्त आहे, कारण त्याला डोकं चालवायला वावच मिळालेला नसतो.

म्हणून आमचं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती आहे: कोडं वस्तूंत दडवा. रिळात, पार्सलच्या पावतीत, कोतवाल बुकात म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. माणूस विसरतो, खोटं बोलतो, लाजेनं गप्प राहतो. फिल्मच्या कडेला छापलेली खूण मात्र कुणाची भीड धरत नाही. विदर्भातल्या खेड्यात अशा वस्तू भरपूर आहेत, फक्त त्या नीट माहीत असायला हव्यात.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. ते काल्पनिक आहे, त्यातली नटीही काल्पनिक.

१. आधी साल पक्कं करा

ती कोणत्या साली गायब झाली, हे ठरल्याशिवाय एक ओळही लिहू नका. सालाबरोबर सगळं बदलतं. १९३१ साली बोलपट आला आणि ज्यांना हिंदी-उर्दू नीट बोलता येत नव्हतं अशा मूकपटातल्या नट्या मागे पडल्या. म्हणजे १९३१-३२ मध्ये गायब होणाऱ्या नटीकडे आवाज हे कारण आहे. १९३५ पासून पार्श्वगायन सुरू झालं, त्यामुळे त्यानंतर पडद्यावरचा चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा असू शकतो. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मची टंचाई होती आणि कथापटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा आली. युद्धकाळातल्या तुमच्या काल्पनिक चित्रपटाची लांबी १५,००० फूट लिहिलीत, तर जाणकार वाचक पुस्तक तिथेच मिटेल.

मूकपटाचा काळ निवडणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग टिपत नसे, त्यामुळे कपाळावरचं कुंकू, ओठ, अंगावरचा लालसर डाग हे सगळं पडद्यावर काळं दिसे. गावातल्या बाईच्या गालावरचा फिकट लालसर डाग आणि पडद्यावरचा काळा तीळ एकच असू शकतात, आणि रोज पाहणाऱ्यालाही ते कळणार नाही.

आमच्या उदाहरणासाठी जानेवारी १९५० घेऊ. कारणं तीन. त्या वेळच्या प्रिंटा अजून नायट्रेटच्या, म्हणजे सहज पेटणाऱ्या आणि सडणाऱ्या जुन्या फिल्मच्या आहेत. वऱ्हाडात कापसाचा पैसा नुकताच हातात आला आहे, त्यामुळे जत्रा आणि फिरत्या टॉकीज जोरात आहेत. तिसरं कारण कागदाचं आहे: जानेवारी १९५० च्या अखेरीपर्यंत प्रांताचं नाव 'मध्यप्रांत व वऱ्हाड' होतं, प्रजासत्ताक होताना ते 'मध्यप्रदेश' झालं. १२ जानेवारीची म्हणून दाखवलेली सरकारी पावती आणि तिच्यावर 'मध्यप्रदेश' असा छापील मथळा, एवढ्यावर खोटा कागद पकडता येतो. असा पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोर पन्नास पानं पडून राहतो आणि तरी दिसत नाही.

शोध कधी चालतो तेही याच बैठकीत ठरवा. आजचा काळ घेतलात तर साक्षीदार नव्वदीचे होतील आणि नायट्रेटची भुकटी झालेली असेल. १९८५ च्या आसपासचा काळ बरा. साक्षीदार साठीतले आहेत, मोबाइल नाही, आणि तालुक्याला जायला अजून एसटीची वाट पाहावी लागते.

२. शेवट आधी, सुरुवात नंतर

एक मोठा कागद घ्या आणि तीन रकाने आखा: खरं काय घडलं, लोकांना काय वाटलं, कशावर खूण उरली. तारखेनुसार बारा ते पंधरा ओळी भरा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती घटना कादंबरीत सिद्ध करता येणार नाही. ती काढा, नाहीतर तिच्यासाठी वस्तू शोधा.

उदाहरणाचा शेवट असा. नटी मुंबईहून जी. आय. पी. रेल्वेच्या मोठ्या गाडीनं निघते आणि मूर्तिजापूरला उतरते. त्यानंतर तिला कुणी पाहिलेलं नाही. लोक म्हणतात, कंपनीच्या मालकानं तिला संपवलं. प्रत्यक्षात ती तिथून अचलपूरकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत बसते. बहिरमच्या जत्रेत एक फिरती टॉकीज उतरलेली असते आणि तिचा ऑपरेटर नटीच्या माहेरच्या गावचा असतो. तो तिला लपवतो. त्याच जत्रेत तिचाच चित्रपट लागायचा असतो आणि त्यात एकच प्रसंग असा असतो की ती विनारंगरंगोटी, लुगड्यात, नदीवर धुणं धुताना दिसते. बाकी चित्रपटभर ती राणी आहे, त्या रूपात तिला गावात कुणी ओळखणार नाही. त्या एका प्रसंगात मात्र ती आत्ता जशी दिसते तशीच दिसते. ऑपरेटर तेवढा तुकडा कापून काढतो.

वाचकाला हे कापणं आधी विकृत वेड वाटलं पाहिजे, मग ब्लॅकमेल, आणि शेवटी कळलं पाहिजे की त्यानं तिला वाचवलं. एकाच वस्तूचे तीन अर्थ लागले की कादंबरीला कणा मिळतो.

महत्त्वाचे दुवे पाच ते सात पुरे. प्रत्येक दुवा दोनदा आणा: एकदा सहज, कामाच्या ओघात, आणि दुसऱ्यांदा अर्थासह. दोन्हींमध्ये किमान चार प्रकरणांचं अंतर ठेवा. पहिल्या वेळी दुव्याभोवती दुसरं काहीतरी जास्त ठळक घडू द्या, म्हणजे वाचकाची नजर तिकडे जाते.

३. रीळ हातात धरल्यासारखं लिहा

बहुतेक कादंबऱ्या इथेच उघड्या पडतात. सिनेमावर प्रेम असतं, पण फिल्म म्हणजे काय ते माहीत नसतं.

३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं असतात आणि प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं. बोलपट सेकंदाला २४ चित्रांनी धावतो, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं. १२,००० फुटांचा चित्रपट सव्वादोन तासांच्या जरा आत संपतो. हे आकडे टेबलासमोर चिकटवून ठेवा, त्यांच्यावरच गणिताचा दुवा उभा राहतो.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर चित्रपटाची लांबी लिहिलेली असते. १९५१ च्या आधी मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी वेगवेगळी मंडळं होती, तेव्हा १९४९ च्या चित्रपटाला 'केंद्रीय' मंडळाचा कागद देऊ नका. शोध घेणारा प्रिंट मोजतो आणि ती १४० फूट कमी भरते. १४० भागिले ९०, म्हणजे एक मिनिट तेहतीस सेकंद. पण नुसतं कमी भरणं हा पुरावा होत नाही. गावोगाव फिरलेल्या प्रिंटची टोकं प्रत्येक खेळाला थोडी झिजतात, फाटतात आणि ऑपरेटर ती छाटत जातो. म्हणून तूट रिळाच्या मधोमध हवी आणि जोड स्वच्छ, सरळ हवा. सराईत हाताचा जोड असा असतो: फिल्मच्या टोकावरचा चित्राचा थर पात्यानं खरवडायचा, फिल्म सिमेंटचा एक हात द्यायचा आणि दाबून धरायचं. घाईचा जोड तिरका बसतो आणि यंत्रातल्या भिंगामागच्या फाटकातून जाताना खट्‌ वाजतो.

आता यातला सगळ्यात उपयोगी बारकावा. आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला असते, पण ती चित्राच्या बरोबरीनं छापत नाहीत. ३५ मिलिमीटरमध्ये आवाज सुमारे वीस चित्रं पुढे असतो, कारण यंत्रात फिल्म आधी भिंगामागच्या फाटकातून जाते आणि मग खाली आवाज वाचणाऱ्या दिव्यापाशी पोचते. त्यामुळे तयार प्रिंट कापून जोडली तर पडद्यावर आधी चित्र उडी मारतं आणि पाऊण-एक सेकंदानं आवाज. हेच कापणं स्टुडिओत, प्रिंट निघण्याआधी झालं असेल, तर दोन्ही एकदमच बदलतात. म्हणजे पडद्याकडे पाठ करून बसलेला तबलजी आणि पडद्याकडे पाहणारी त्याची बायको, या दोघांनी 'उडी' कधी झाली ते वेगवेगळं सांगितलं, तर तुकडा मुंबईत कापलेला नाही, जत्रेच्या तंबूत कापला आहे, हे सिद्ध होतं. मालकावरचा संशय इथे पहिल्यांदा ढासळतो.

कापलेला तुकडा सापडतो तेव्हा घाई करू नका. जवळून दाखवा. गोल टिनाच्या डब्याचं झाकण गंजलेलं, नखानं निघत नाही. उघडल्यावर नाकाला झोंबणारा उग्र वास. वरचे चार-पाच वेढे मधासारखे चिकट, त्यांच्यावर चित्र उरलेलं नाही, तपकिरी डाग फक्त. खालचे वेढे सुटतात. दोन बोटांनी कडा धरून, मधल्या भागाला हात न लावता, तुकडा दाराच्या उजेडासमोर धरला की इवल्या इवल्या सोळा चौकटींत एकच बाई दगडावर धुणं आपटते आहे, प्रत्येक चौकटीत हात केसभर वर. भोकांच्या पलीकडे कडेला रोमन अक्षरांत 'नायट्रेट' छापलेलं आणि शेजारी एक गोळा, एक चौकोन.

त्या गोळ्या-चौकोनाला अर्थ आहे. कोडॅक कंपनी फिल्म कोणत्या वर्षी बनली ते गोळा, चौकोन, त्रिकोण अशा खुणांनी कडेला छापत असे आणि त्याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा येत. त्यामुळे खुणेवरून दोन-तीन शक्य वर्षं मिळतात, त्यातलं कोणतं ते फिल्मच्या जातीवरून ठरवावं लागतं. १९५०-५१ च्या सुमारास नायट्रेटची फिल्म बनणं थांबलं, पुढच्या ॲसिटेट फिल्मवर 'सेफ्टी' लिहिलेलं असतं. मात्र निगेटिव्हची कडेची खूणही कधी कधी प्रिंटवर उतरते, आणि दोन खुणा एकावर एक दिसतात. तुमच्या तपासणाऱ्याला इथे एकदा फसू द्या. खरी तपासणारी माणसंही इथे फसतात.

वासाची गल्लत टाळा. ॲसिटेटची फिल्म बिघडली की व्हिनेगरसारखा वास येतो आणि ती आक्रसून वळते. नायट्रेट आधी पिवळं पडतं, मग चिकट होतं, फेस धरतं, ढेप होते आणि शेवटी तपकिरी भुकटी. चांगलं नायट्रेट दीडशे अंशांच्या आसपास पेटतं, सडलेलं त्याच्या फार आधी, अगदी उन्हाळ्याच्या तापमानालाही. एकदा पेटलं की पाणी ओतून विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्यातच असतो. आता विदर्भाचा मे महिना आठवा. पत्र्याच्या छपराखाली पस्तीस उन्हाळे काढलेलं नायट्रेटचं रीळ शाबूत सापडणं अशक्य आहे. म्हणून डबा धाब्याच्या घरात, जाड मातीच्या भिंतीतल्या बळदात (धान्य साठवायच्या पोकळीत) ठेवा, जिथे भर उन्हाळ्यातही हात घातला की गार लागतं. तिथेही अर्धाच तुकडा वाचू द्या. आणि तुकडा पाहताना कुणाच्याही हातात बिडी देऊ नका, आग हवी असेल तरच द्या.

बाकीच्या प्रिंटा कुठे गेल्या, असा प्रश्न वाचक विचारेल. त्याचं उत्तर तयार आहे: कृष्णधवल फिल्मच्या थरात चांदी असते, आणि चालून झालेल्या प्रिंटा चांदीसाठी भंगारात विकल्या जात. आपला पहिला बोलपट 'आलम आरा', त्याचीही प्रिंट आज उपलब्ध नाही. तुमच्या काल्पनिक चित्रपटाची एकच प्रिंट उरली, यात नवल नाही.

४. तंबूची टॉकीज

गावात वीज नाही हे आधी मनाला बजावा. तंबूबाहेर तेलावर चालणारं इंजिन आणि डायनामो. यंत्रात कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्यातल्या फटीत पेटलेली कमान हाच दिवा. कांड्या जळत जातात तशी फट वाढते, ऑपरेटर रंगीत काचेतून पाहत ती सतत जुळवतो. तो दोन मिनिटं जागेवरून हलला तर पडद्यावरचा उजेड आधी पिवळट होतो, मग थरथरतो, मग जातो. 'उजेड गेला तेव्हा ऑपरेटर यंत्रापाशी नव्हता' हा दुवा या एका गोष्टीतून फुकट मिळतो. इंजिन दमलं तर यंत्र मंदावतं आणि गाण्याचा सूर खाली उतरतो.

फिरत्या टॉकीजकडे बहुधा एकच यंत्र. दर रिळानंतर थांबायचं, रीळ बदलायचं. चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात चमकून जाणारे ठिपके शहरातल्या दोन यंत्रांच्या थिएटरसाठी असतात, पहिला ठिपका रीळ संपण्याआधी सात-आठ सेकंद, दुसरा अगदी शेवटच्या सेकंदाला. तंबूत ते निरुपयोगी, पण प्रिंट आधी शहरात चालली होती हे त्यांच्याभोवतीच्या ओरखड्यांवरून कळतं. रीळ बदलताना जी चार-पाच मिनिटं अंधार आणि गलका असतो, त्यातच तंबूतून बाहेर पडणं सोपं.

गर्दी झाली की लोक पडद्याच्या मागेही बसत. कापडी पडद्यावर मागून चित्र दिसतं, पण उलटं, डावं उजवीकडे. मागे बसलेली साक्षीदार बाई शपथेवर सांगते की नटीच्या उजव्या भुवईवर व्रण होता. ती खोटं बोलत नाही. तरी व्रण डाव्या भुवईवर आहे. ती कुठे बसली होती हे आधीच्या एखाद्या प्रकरणात सांगून ठेवा: 'पुढं जागाच नव्हती, लेकराले घेऊन मांगून पाह्यलं.'

हंगाम जपा. फिरती टॉकीज दिवाळीनंतर निघते आणि उन्हाळा सरता तंबू आवरते, पावसाळ्यात नाही. पश्चिम विदर्भात कापूस वेचणीचा पैसा खेळत असतो तोच तिचा काळ. बहिरमची जत्रा डिसेंबरच्या उत्तरार्धापासून महिनाभराहून जास्त चालते, तिथला हंडीतला मटणाचा रस्सा आणि रोडगे यांचा वास तंबूपर्यंत येऊ द्या. प्रिंटचे डबे कुठून आले? वितरणाच्या व्यवहारात मध्यप्रांत-वऱ्हाड हा वेगळा पट्टा होता आणि अमरावती हे त्याचं एक मोठं केंद्र. रेल्वेच्या पार्सल पावतीवर डब्यांची संख्या आणि वजन येतं. जाताना बारा डबे आणि परतताना बाराच, पण वजन कमी: हा दुवा पुस्तकाच्या पहिल्याच भागात टाकता येतो.

५. दप्तर

विदर्भाच्या महसुली दप्तरात रहस्यकथेसाठी जे आहे ते फार थोड्या लेखकांनी वापरलं आहे. कोतवाल बुकात गावातले जन्म-मृत्यू नोंदलेले. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा कधी, का सोडली ते. आज हीच पानं लोक जातपडताळणीसाठी शोधतात, त्यामुळे शोध घेणाऱ्यानं तहसिलीत नक्कल मागायला रांगेत उभं राहणं अगदी स्वाभाविक वाटतं. जुनी पानं मोडीत असतील तर ती वाचणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो माणूस काय वाचून दाखवतो यावर विश्वास ठेवावा लागतो. संशयितालाच मोडी येत असेल तर?

पडद्यावरचं नाव वेगळं आणि दाखल-खारिजातलं वेगळं. सगळे कागद पडद्यावरच्या नावानं शोधायला लावा, हाती काही लागणार नाही. मग कुणीतरी ऑपरेटरच्या शाळेचं रजिस्टर उघडेल, आणि त्याच्या नावाच्या तीन ओळी खाली एका मुलीचं नाव असेल, शेऱ्यात 'मुंबईस गेल्याने कमी केले'.

कायद्याचाही एक धागा घ्या. ज्यांना माणसाची खबर सहज कळली असती, त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो जिवंत आहे हे म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं, असा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे. या नियमावरून मृत्यू धरून चालता येतं, पण तो कोणत्या दिवशी झाला ते ठरत नाही. नटीचा भाऊ १९५७ नंतर कोर्टात जातो, निकाल मिळवतो आणि वडिलोपार्जित शेतातला तिचा हिस्सा फेरफारानं आपल्या नावावर चढवतो. तो खुनी नाही, पण ती जिवंत सापडू नये असं वाटणारा माणूस आहे, आणि एवढ्यानं तो शेवटपर्यंत संशयित राहतो.

सिनेमाकडच्या तपशिलासाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ साली सुरू झालेलं. जुनी मासिकं, पोस्टर, गाण्यांच्या चोपड्या तिथे पाहता येतात. जाण्याआधी नेमकं काय पाहायचं याची यादी करा, नाहीतर दिवसभर चित्रं पाहण्यात जातो.

६. शोध घेणारं माणूस

त्याला दारं उघडतील असं पाहा. गावात अनोळखी पत्रकाराला कुणी ओसरीवरही बसू देणार नाही. पोलीस पाटलाची सून, पोस्टमन, शाळेत नव्यानं रुजू झालेली शिक्षिका ही माणसं चालतील. आमची पसंती शिक्षिकेला: रजिस्टरं तिच्याच कपाटात आहेत.

आणि तिला मुंबईला फार वेळ ठेवू नका. आपली नटी शेवटी विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, धानाच्या पट्ट्यात, वडसा-सिंदेवाहीकडे सापडते. तिकडे धान कापून झालं की मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्रभर नाटकं. दंडारीत, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, बाईचं काम पुरुषच करत. एका गावची पोरं बाईचं काम इतकं हुबेहूब करतात की आजूबाजूची गावं पाहायला येतात. शिक्षिका पाहते: पदर सावरताना पोराचं मनगट आधी बाहेर वळतं, मग आत. हेच मनगट तिनं बळदातल्या तुकड्यात सोळा चौकटींत पाहिलेलं असतं. त्या पोरांना कुणीतरी शिकवलं आहे.

७. बोली

निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, बोली संवादात. अचलपूरचा म्हातारा आणि वडश्याचा म्हातारा एकसारखे बोलत नाहीत. वऱ्हाडीत 'ला'चा 'ले' होतो, 'ळ'चा बऱ्याचदा 'य': मले, तुले, काया, डोया. 'काहून', 'पोट्टा', 'बोलून रायला' हे चालतं, पण दर वाक्यात 'बाप्पा' घातलं की नक्कल वाटते. पूर्वेकडच्या झाडीबोलीचं वळण वेगळं. ती येत नसेल तर त्या भागातल्या माणसाकडून संवाद वाचून घ्या, अंदाजानं लिहू नका.

हाक मारण्यात नातं येतं. शिक्षिका म्हाताऱ्या ऑपरेटरला 'काकाजी' म्हणेल, तो तिला 'बाई':

'काकाजी, इंजिन कोण पाहत होतं त्या दिवशी?'

'मीच पाहो बाई. अन् मशीनबी मीच.'

'मग उजेड का गेला?'

म्हातारा चिलीम झटकतो. 'कांडी सरली असन.'

वाचकाला कार्बनच्या कांडीचं गणित आधीच माहीत असेल तर हे तीन शब्द कबुलीजबाबापेक्षा जड पडतात.

८. नेहमी चुकतं ते

१९५० मधला माणूस 'महाराष्ट्र' म्हणतो. विदर्भ १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर. मग द्विभाषिक मुंबई राज्यात. महाराष्ट्र १ मे १९६० ला. गडचिरोली जिल्हा १९८२ चा, वाशीम १९९८ चा, गोंदिया १९९९ चा. त्याआधीच्या पत्रांवर चांदा (नंतरचं चंद्रपूर), अकोला, भंडारा लिहा. नवे पैसे एप्रिल १९५७ पासून, आधी आणे. तिकीट 'पन्नास पैसे' लिहिलंत की गेलं.

खऱ्या नटीवरून पात्र उचलू नका. मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते असं कायदा मानतो, शिवाय तिची माणसं हयात असतात. खऱ्या गाण्याच्या ओळीही घेऊ नका: चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी सुटतो, पण गीताचे शब्द गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं बांधलेले असतात. दोन ओळी स्वतः रचा. त्या साध्याच असू द्या, तंबूतून ऐकू आल्यासारख्या अर्धवट.

९. मसुदा आणि चाचणी

साठ-पासष्ट हजार शब्द, तीस-बत्तीस प्रकरणं, दर प्रकरणात एक नवी गोष्ट कळलीच पाहिजे. रोज सातशे शब्द लिहिले तर तीन महिन्यांत कच्चा मसुदा होतो.

मग पाच वाचकांना दोन तृतीयांश भागच द्या आणि चिठ्ठीवर उत्तर लिहून मागा: तुकडा कुणी कापला, का कापला, ती कुठे आहे. पाचांपैकी एखाद्या-दोघांना अर्धं उत्तर आलं तर मसुदा बरोबर आहे. सगळ्यांना आलं तर पहिल्या वेळचा दुवा फार ठळक झाला आहे, त्याच्याभोवती आवाज वाढवा. कुणालाच आलं नाही तर उरलेला भाग द्या आणि वाचून झाल्यावर विचारा, हे आधी कुठे दिसलं होतं? त्यांना पान सापडलं तर काळजी नाही. नाही सापडलं तर तो दुवा तुमच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. परत जा आणि पार्सलच्या पावतीवरचं वजन, पडद्यामागची जागा, उजेड जाण्याची वेळ, यांतलं जे राहून गेलं असेल ते सरळ एका वाक्यात लिहून या.

शेवटचं प्रकरण लिहिताना नटीला भाषण देऊ नका. शिक्षिका तिच्या अंगणात जाते, वाचलेला तुकडा तिच्या हातात देते. सत्तरीकडे झुकलेली बाई तो दोन बोटांनी, कडांना धरून, उजेडाकडे नेते. फिल्म कशी धरायची हे तिला कुणी सांगावं लागत नाही.